चंदा आहे, वही नाही

(कामतघर, भिवंडी इथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

 

आयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘प्रादेशिक दानाची जाळी आणि नागरी जीवन’. घरून निघताना शेजारचा मुलगा म्हणाला, ‘चाचा, म्हणजे चंद्याबद्दलच बोलणार ना?’ हो बाबा, चंद्याबद्दलच. मी पेशाने हिशेबनीस. यंत्रमाग कारखान्यांची खाती लिहितो आणि आमच्या मोहल्ल्याच्या तालीम फंडाची वहीही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे मी बोलणार ते वहीच्या बाजूने. तकरीर ऐकायला आला असाल तर थोडी निराशा होईल.

बैठक कामतघरात ठेवली हे बरं झालं. एरवी आपण निजामपुरा, शांतीनगर, गैबीनगर सोडून फारसे बाहेर पडत नाही. इथे कामतघरात आगरी आहेत, पलीकडे पद्मनगरात तेलुगू पद्मशाली आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी आहेत, आपले कोकणी मुसलमान आहेत. बोली वेगळ्या, सण वेगळे. पण पोट एकाच मागावर. मंदी आली आणि माग थांबले की दिवाळीही फिकी आणि ईदही फिकी. आणि इथला वऱ्हाळादेवीचा तलाव तर तुम्ही रोज बघता. एके काळी भिवंडी शहराची तहान याच तलावाने भागवली. पाणी शहरात गेलं तेव्हा ते कुणाच्या आळीत आधी आणि कुणाच्या मोहल्ल्यात नंतर, यावर भांडणं झालीही असतील. पण तलाव एकच होता. आज आपल्याकडे पैशाच्या विहिरी पुष्कळ आहेत, तलाव नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं त्याचं स्पष्टीकरण.

पहिली गोष्ट. मुसलमान गरीब आहे म्हणून काही होत नाही, हे आपण फार ऐकतो. गरिबी खरी आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये ती देशासमोर मांडली, महाराष्ट्र सरकारच्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये राज्यापुरती मांडली. पण त्याच गरीब वस्त्यांत रमजानच्या महिन्यात किती पैसा हात बदलतो ते बघा. जकात निघते, फितरा निघतो, सदका निघतो. लांबलांबच्या मदरशांचे सफीर पावतीपुस्तक घेऊन येतात, त्यांनाही कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. कारखानदार देतो, पानवाला देतो, बारा तास माग चालवणारा कामगारसुद्धा फितरा देतो. देण्याची सवय आपल्याला शिकवावी लागत नाही. ती आईच्या दुधाबरोबर येते.

मग अडतं कुठे? सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच इमारतीत राहणारी दोन मुलं. दोघांचे वडील कामगार, एकाचे मागावर, दुसरीचे सायझिंगमध्ये. मुलाची फी तीन ठिकाणांहून मंजूर झाली, कारण त्याच्या मामाने तीन ठिकाणी अर्ज केला होता आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. त्याचा बाप प्रामाणिक. जादा झालेले पैसे रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, ‘हे कुणाचे ते बघा, माझे नाहीत.’ मुलगी पद्मशाली घरातली. तिला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. ती एका ठिकाणी गेली, तर उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे फक्त जकातीचे पैसे आहेत, ते तुला देता येत नाहीत.’ दुसरीकडे सांगितलं, ‘रमजानमध्येच सगळं वाटून झालं.’ तिसरीकडे म्हणाले, ‘आम्ही दहावीपर्यंतच बघतो.’ तिच्या स्वतःच्या समाजाच्या मंडळाकडे गेली, तर तिथली मुदत संपलेली. ती आता महामार्गावरच्या एका गोदामात पार्सलांवर स्टिकर लावते.

नीट लक्ष द्या. या चौघांतलं कुणीही खोटं बोललं नाही. कुणीही वाईट माणूस नाही. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर. आणि चार बरोबर उत्तरांची बेरीज चुकीची आली. हिशेबात असं होतं तेव्हा आम्ही आकड्यांना दोष देत नाही, मांडणी तपासतो. म्हणून मांडणीबद्दल बोलू.

मांडणीतला पहिला दोष तारखांचा आहे. आपलं दान चांद्र महिन्यांवर चालतं, शाळा-कॉलेजची फी इंग्रजी महिन्यांवर. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. दहावीचा निकाल मे-जूनमध्ये, प्रवेश जून-जुलैमध्ये. म्हणजे पैसा हातात येतो तेव्हा फीची तारीख नसते आणि फीची तारीख येते तेव्हा पैसा नसतो. हे अंतर पुढची काही वर्षं वाढत जाणार आहे. यावर उपाय आहे. बहुतेक फकीहांच्या मते जकात वर्ष पुरं होण्याआधी आगाऊ देता येते, थोडी थोडी करूनही देता येते. ज्याची जकात वर्षाला बारा हजार बसते, त्याने दरमहा हजार आगाऊ दिले तर त्याचंही ओझं हलकं आणि जूनमध्ये डब्यात पैसेही असतात. तुमच्या आलिमांना विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका. पण विचारा तरी.

दुसरा दोष खिशांचा. जकात कुणाला द्यायची हे सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगून ठेवलं आहे. त्यात आपण फेरफार करणार नाही. हनफी फिकहनुसार जकात देताना समोरच्या माणसाला त्या पैशाचा मालक करावं लागतं. त्या पैशातून इमारत बांधता येत नाही, वाचनालय चालवता येत नाही, ऑफिसचं भाडं देता येत नाही. बहुतेक उलेमांच्या मते ती मुसलमान गरजवंतालाच लागते. ठीक आहे. पण जकात हा एक खिसा झाला. नफली सदका, इमदाद, लिल्लाह हा दुसरा खिसा. त्यातून शेजारच्या तेलुगू मुलीची फी भरायला कुठलाही मसला आडवा येत नाही. अडचण अशी की आपण सगळं बळ पहिल्या खिशात घालतो आणि दुसरा खिसा मशिदीच्या दारातल्या सुट्या नाण्यांपुरता ठेवतो.

आणि नागरी जीवन नावाची जी चीज आहे ती या दुसऱ्या खिशातून चालते. अभ्यासिकेचा पंखा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या मुलीचा पगार, माहिती अधिकाराच्या अर्जांची फी, प्रभाग कार्यालयात चकरा मारणाऱ्या माणसाचा रिक्षाखर्च. यातलं काहीही जकातीत बसत नाही. उपाशी माणसाला जकात जेवू घालते. त्याच्या गल्लीत दिवा का लागत नाही हे विचारायला दुसरा खिसा लागतो. म्हणून वहीत दोन रकाने वेगळे ठेवायचे, दोन बँक खाती वेगळी ठेवायची, आणि दोन्हीकडे सारखंच लक्ष द्यायचं.

कायद्याच्या बाजूनेही हा फरक समजून घ्या. विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली म्हणजे काम संपलं असं नाही. देणाऱ्याला आयकरात ८०जी ची सवलत हवी असेल तर संस्था एखाद्या विशिष्ट धर्मासाठी किंवा जातीसाठी आहे असं तिच्या घटनेत असून चालत नाही. रोख दोन हजार रुपयांच्या वर दिले तर त्या रकमेवर सवलत मिळत नाही. म्हणजे ज्या फंडाचं दार सगळ्यांना उघडं आहे त्याला कायदाही जास्त साथ देतो. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. भिवंडीच्या आजूबाजूला केवढी गोदामं आहेत ते तुम्ही बघता. त्या कंपन्यांच्या दारात एका मोहल्ल्याचा फंड गेला तर वॉचमनच भेटतो. वीस मोहल्ल्यांचा, ऑडिट केलेला, सर्वांना खुला फंड गेला तर खुर्ची मिळते.

आता कुणी म्हणेल, आखातातले नातेवाईक आहेत, कशाला कंपन्यांच्या दारात जायचं? आखातातल्या कमाईने कोकणातल्या कितीतरी गावांत शाळा आणि दवाखाने उभे राहिले, हे खरंच. पण तिथेही नियम समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या रीतसर मार्गाने पैसे पाठवतो तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, केपटाऊनचा असो नाहीतर लंडनचा, त्याची देणगी परदेशी ठरते आणि त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने पैसा घ्यावा आणि लहान संस्थांना वाटावा, हा जुना रस्ता बंद झाला. जाळं विणायचं तर धागा इथलाच हवा.

‘जाळं’ म्हणजे काय ते आता स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही उद्या आणखी एक ट्रस्ट काढाल आणि लेटरहेड छापाल. ट्रस्ट आपल्याकडे भरपूर आहेत. जाळं म्हणजे असलेल्या मंडळांनी आपापलं नाव, आपापला फंड आणि आपापले ट्रस्टी तसेच ठेवून तीन गोष्टी सामायिक करणं: गरजूंची यादी, तारखांचं कॅलेंडर आणि हिशेब. बस्स.

हे नवीन नाही. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं सुरू केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, पुढे शिंप्यांचं, अस्पृश्य मानलेल्या समाजाचं. मुस्लिम समाजातून पुढे कुणी येईना, तेव्हा १९०६ मध्ये त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. ते मुस्लिम बोर्डिंग आजही दसरा चौकात उभं आहे. त्यातली युक्ती बघा. प्रत्येक समाजाचं घर वेगळं, पण जागा आणि मदत देणारं दरबार एक, आणि मुलं शिकायला एकाच शहरातल्या शाळांत. समाजाने आपलं दान आपल्या नावाने द्यावं, तरी शहर एक व्हावं, अशी ती रचना होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये साताऱ्याकडच्या काले गावात सुरू झाली. तिच्याकडे कुठला मोठा शेठ होता? त्यांनी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने रोज दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते वसतिगृहातल्या मुलांसाठी. मुठीमुठीने भाकरी झाली. आणि जेव्हा मूठही पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला जेवत.

आता याच्या उलट एक गोष्ट सांगतो. १९१४ मध्ये मुंबईच्या सर मोहम्मद युसूफ यांनी मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळचे आठ लाख! पैसे सरकारकडे गेले. जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झालं १९३० मध्ये. सोळा वर्षं. दात्याची नियत चोख होती, रक्कम डोळे दिपवणारी होती, आणि एक पिढी वाट बघत मोठी झाली. गंमत अशी की त्याच १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने वेगळाच प्रयोग केला. शहरातले लोक मरताना मृत्युपत्रात पैसे ठेवत, अमक्याच कामासाठी अशी अट घालून. पन्नास वर्षांनी ते काम उरायचं नाही आणि पैसा अडकून पडायचा. गॉफने सगळ्यांसाठी एकच शहर-फंड काढला आणि आजच्या गरजेप्रमाणे वाटप ठरवायला शहरातल्या माणसांची समिती बसवली. पुढे त्या देशात शेकडो शहरांनी हा नमुना उचलला, आणि नंतर अशा फंडांचीही विभागवार मंडळं झाली, एकमेकांना विचारून काम करणारी. आपल्याकडे वक्फची परंपरा त्याच्या कितीतरी आधीची आहे. परंपरा कमी पडली नाही. एकमेकांना विचारण्याची सवय कमी पडली.

भिवंडीत तरी ही सवय कधी नव्हती असं नाही. रईस हायस्कूल चालवणाऱ्या कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीकडे बघा. तिचं मुलींचं कॉलेजही आहे. अशा शाळा एकट्यादुकट्याच्या खिशातून होत नाहीत. आणि १९८८ चा प्रयोग तर देशाने बघितला. ७ मे १९७० ला या शहरात दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी त्या दोन तारखांवरून अजून काळ मोजला जातो. मग सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. नेते बाजूला ठेवले आणि गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची, सोबत त्या भागाचा पोलीस शिपाई. नळाचं भांडण असो, नवरा-बायकोचं असो, आठवड्या-पंधरवड्याला बसून बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या रात्री कुणी नवीन काही केलं नव्हतं. ज्यांना फोन करायचा त्यांची नावं चार वर्षं आधीपासून एकमेकांना माहीत होती, एवढंच.

२०२० मध्येही तेच दिसलं. कोरोनात दवाखान्यांत जागा नव्हती, तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनच्या खाटा लावल्या गेल्या, मोफत, कुठल्याही धर्माच्या रुग्णासाठी. ज्यांच्याकडे माणसांची यादी आणि एकमेकांवर भरोसा तयार होता, त्यांनाच ते जमलं.

आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. कामतघरपासून ती जागा लांब नाही. चाळीसच्या आसपास माणसं झोपेत गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. तेव्हा शहर धावलं. चहा आला, बिर्याणी आली, चादरी आल्या, कफन आलं. मला त्या धावण्याबद्दल आदर आहे. पण वहीवाला म्हणून मी एक प्रश्न विचारतो. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा खर्च भाडेकरू करू शकत नाही आणि मालक टाळतो. आपल्या शहरात कुठल्या मंडळाच्या वहीत ‘ऑडिट’ नावाचा रकाना आहे? कफनाचा आहे, ऑडिटचा नाही. आपलं दान दुःख झाल्यावर धावतं. त्याला आधी चालायला शिकवायचं आहे.

हे काम तुमच्यासारख्या तरुणांचं का, ते सांगतो. कारण यातलं निम्मं काम पैशाचं नाहीच, कागदाचं आहे. मोमीन, जुलाहा, अन्सारी या जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम ओबीसींना हा हक्क समजावा म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आयुष्य घातलं. दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या सभांना जायचा. पद्मशाली विशेष मागास प्रवर्गात आहेत. २०२४ पासून राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली आहे. म्हणजे ज्या फीसाठी आपण दारोदार चंदा मागतो, त्यातली बरीचशी सरकार भरायला तयार आहे. पण दाखला हवा. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी घरपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा. हे शोधायला पंधराशे-दोन हजार रुपये आणि एक चिकाटीचा पोरगा लागतो. एकदा आजोबांचा कागद सापडला की चुलत-मावस धरून घरातल्या वीस मुलांचं काम होतं. सांगा, यापेक्षा जास्त बरकत कुठल्या दोन हजारांत आहे?

उलट बाजूही आहे. १९६७ नंतर आलेल्या घरांना हा दरवाजा बंद आहे. केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. त्या घरांसाठी आपला फंड हाच आधार. मग जिथे सरकार देऊ शकतं तिथे आपला पैसा खर्च करायचा नाही आणि जिथे सरकार देत नाही तिथे तो वाचवून पोचवायचा. हा फरक यादीशिवाय कळणार नाही.

बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. जकातीचा मोठा भाग सोन्यावर निघतो आणि सोनं तुमचं आहे. म्हणजे या शहराच्या दानशूरांत निम्म्याहून जास्त बायका असतील, पण कमिट्यांच्या फोटोत एकही दिसत नाही. कुठल्या घरात चूल पेटली नाही हे तुम्हाला आधी कळतं. कुठली विधवा तीन किट घेऊन बसली आहे आणि कुठली लाजेने दार लावून बसली आहे, हेही तुम्हालाच माहीत असतं. तुमच्याशिवाय केलेली यादी अर्धीच. म्हणून माझी अट आहे की यादीच्या कामात निम्म्या मुली हव्यात, आणि सही करणाऱ्यांतही.

आता तुमच्या मनातली शंका. ‘चाचा, भरोसा कोण ठेवणार?’ रास्त शंका आहे. भरोसा तकरीरीने येत नाही, हिशेबाने येतो. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला जमा, खर्च, शिल्लक एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. मराठीत, उर्दूत, जमलं तर तेलुगूतही. ज्यांनी दिलं त्यांची नावं हवी असतील तर लिहा. ज्यांना दिलं त्यांची नावं कधीच लिहायची नाहीत. किट देताना फोटो काढायचा नाही. ज्याला फोटो हवा त्याचं दान नम्रपणे परत करा. एकदा परत केलं की शहरात त्याची चर्चा होते आणि पुढचे दहा जण बिनफोटोचे येतात. नगरसेवक देत असेल तर घ्या, पावती द्या, हार घालू नका. आणि अर्जावर जात-धर्म विचारायचाच झाला तर फक्त एवढ्यासाठी की खर्च कुठल्या खिशातून होणार आणि सरकारी दाखला निघतो का. मदत मिळणार की नाही हे त्यावर ठरता कामा नये.

एक साधा हिशेब देतो आणि थांबतो. समजा, कामतघर, पद्मनगर आणि धामणकर नाक्याच्या परिसरातल्या दोनशे घरांनी दुसऱ्या खिशात दरमहा शंभर रुपये टाकले. महिन्याचे वीस हजार, वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. त्यातून दाखले शोधणाऱ्या एका मुलीचा अर्धवेळ पगार निघतो, अभ्यासिकेचं लाईट बिल निघतं, आणि जूनमध्ये फीच्या शेवटच्या तारखेला एखाद्याला उसने द्यायला पैसे राहतात. शंभर रुपये म्हणजे घरातल्या माणसांचे आठवड्याचे कटिंग चहा. जकातीला हातही लावलेला नाही.

माझ्याबरोबर आज तीन मंडळांचे लोक आले आहेत. त्यांनी आपापल्या याद्या एकमेकांना दाखवायचं कबूल केलं आहे. ऐकायला छोटी गोष्ट वाटेल, पण आजवर कुणी केली नव्हती. यादी जुळवायचं काम पुढच्या रविवारी सकाळी दहाला याच खोलीत सुरू होईल. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर रूळ आखलेली वही आणा. पद्मनगरच्या मित्रांनो, तुमच्या मंडळाची यादीही हवी, आणि शेवटच्या तारखा तर नक्कीच हव्यात. त्या मुलीची तारीख गेली. या जूनमध्ये कुणाची जाऊ नये, एवढं काम आपल्या हातात आहे.